आचार्यांची एकच झारी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या शाळेत शिक्षकांना श्वास घ्यायला शिकवण्याचे ठरले. ऊस नसल्यामुळे सहकारी साखर कारखान्याचे गाळप संक्रांतीलाच थांबले होते, विहिरींना तळ लागला होता आणि येडशीच्या रस्त्यावर निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. अशा वेळी माणसांना काय द्यावे, याचा संचालक मंडळाने गांभीर्याने विचार केला. हवेवाचून दुसरे काही शिल्लक नसल्यामुळे प्राणायामाचे शिबिर द्यावे, असा ठराव एकमताने संमत झाला. पुण्याकडून एक आचार्य आले.

हवा मात्र खडीच्या भुकटीने भरलेली होती. रस्ता शाळेच्या कुंपणाला लागूनच. पहिल्या सकाळी आचार्य म्हणाले, "उजवी नाकपुडी बंद करा, डावीने सावकाश पूरक, म्हणजे श्वास आत," आणि सभागृहातून पाणी गेलेल्या नळासारखा आवाज उठला. सगळ्यांची नाके चोंदली होती.

आचार्यांपाशी यावर उपाय होता, जलनेती. लांब तोटीची तांब्याची एक झारी त्यांनी बरोबर आणली होती. ती त्यांच्या गुरूंची असल्यामुळे दुसरी चालणार नव्हती. कोमट पाण्यात मीठ घालायचे, मान कलती करायची, तोटी एका नाकपुडीला लावायची आणि तोंडाने श्वास घेत राहायचे. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडते. प्रत्येकानंतर शाळेतल्या सेविका शरणम्मा झारी उकळत्या पाण्यातून काढत आणि पुढच्याच्या हाती देत. पाणी टँकरचे होते. म्हणून नाकातून गळलेले पाणीही वाया जाऊ नये, अशी दक्षता घेतली होती. ते एका घमेल्यात जमा होई आणि चेअरमन आबारावांनी महाशिवरात्रीला स्वहस्ते लावलेल्या बेलाच्या रोपाला घातले जाई. मिठाचे पाणी बेलाला मानवते का, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

झारी ओळीने फिरत भिमाबाई सोनकांबळे यांच्यापर्यंत आली, तेव्हा आचार्यांनी हात आडवा केला.

"बाई, तुम्ही तुमची झारी घरून आणा."

"का?"

"आरोग्याच्या दृष्टीने."

भिमाबाईंनी चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिले. "उकळत्या पाण्यात जे मरतं, ते सगळ्यांचंच मरतं ना?"

"प्रश्न तेवढाच नसतो," आचार्य मृदू स्वरात म्हणाले. झारी भिमाबाईंना ओलांडून शेजारच्या शांतलिंग सरांकडे गेली.

प्रश्न काय असतो, हे भिमाबाईंना तीन वर्षांच्या वयापासून ठाऊक होते. सास्तूरच्या त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारला होता, पण गावाने त्या घटनेची नोंद घेतली नव्हती. औरंगाबादेस राहून त्या संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. शाळेने त्यांना भूगोल दिला. तीन वर्षे त्या तात्पुरत्या होत्या, आणि या शिबिराचे प्रमाणपत्र मिळेल त्यालाच जूनपासून कायम करायचे, असे ठरले होते. प्रमाणपत्रावर सही आचार्यांची होणार होती.

त्यांनी झारी आणली नाही. रोज पहाटे त्या चोंदलेल्या नाकाने येऊन ओळीत बसत. आचार्य रोज ओळीतून फिरत, त्यांच्यापाशी थांबत.

"डावी बंद, उजवीही बंद. बाई, तुमचा श्वास आहे तरी कुठे?"

"दारात उभा आहे. आत घेत नाहीत."

मागे कोणी तरी फिस्सकन हसले. आचार्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी सर्वांना उद्देशून सांगितले की काही नाड्या जन्मजन्मांतरीच्या मळाने बंद असतात, त्यांना पाणी तरी काय करणार.

"हठयोगाचा ग्रंथ एवढंच सांगतो की ज्याच्या अंगी कफ फार, त्यानं आधी शुद्धिक्रिया कराव्यात," भिमाबाई म्हणाल्या. "कफाची जात सांगितलेली माझ्या तरी वाचनात नाही. तुमच्या प्रतीत असेल, तर श्लोक सांगा."

आचार्यांच्या प्रतीत तो नसावा. ते पुढच्या माणसाकडे वळले.

झारीच्या तोटीत बसून पाणी अडवणाऱ्या शुक्राचार्याला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या नावे ठेवली जातात. त्या बिचाऱ्याने पाणी अडवले ते निदान बळीला वाचवण्यासाठी. त्यापायी त्याचा डोळाही गेला. नंतरच्या आचार्यांनी अडवण्याची कला तेवढी उचलली. डोळे शाबूत ठेवले.

शांतलिंग चित्रकला शिकवत. माणूस सरळ, गळ्यात इष्टलिंग, भांडणाची भीती. एका दुपारी ते व्हरांड्यात भिमाबाईंना गाठून हळूच म्हणाले, "बाई, म्या उद्या धाराशिवला चाललोय. कासार गल्लीतून तुमच्यासाठी झारी आणतो की. कशाला एवढ्याशा नाकापायी नोकरी घालवता?"

"सर, तुमच्या नाकाला लागलेली झारी मला चालते. माझ्या नाकाला लागलेली तुम्हाला चालेल?"

"मला काय... तसं न्हाय..."

"कल्याणच्या शरणांनी, तुमच्याच लिंगायत संतांनी, आठशे वर्षांपूर्वी हा प्रश्न निकालात काढला होता. तुम्ही तो कासार गल्लीतून परत विकत आणायला निघालात."

शांतलिंग सरांनी इष्टलिंगाला हात लावला आणि ते धाराशिवला गेलेच नाहीत.

समारोपाच्या आदल्या दिवशी आबारावांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावले. आबाराव मनाने उदार होते. अडचण पैशाने सुटणार असेल तर ती सोडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"बसा बाई. तुमाला कायम करायचं माझ्या मनात हाय. तुमच्यावानी शिकलेलं माणूस शाळंत दुसरं न्हाय. उद्या जिल्ह्याचे सायब येणार, सगळे संचालक येणार. कशाला खुळ्यागत करता? झारीच पायजे ना? मी देतो की. चांदीची देतो!"

"चांदीची दिलीत तरी वेगळीच ना, साहेब?"

"वेगळी म्हंजे भारी! बाकीच्यास्नी तांब्याची, तुमाला चांदीची. मान हाय त्यो."

"बरं. आणि तिच्यातलं पाणी नाकातून पडल्यावर कुठं धरू?"

"घमेल्यात. पाणी काय आभाळातून पडतंय का?"

"सगळ्यांच्याच घमेल्यात?"

"मग? बेलाला घालायचंय."

"म्हणजे नाकात जाताना माझं पाणी वेगळं, आणि नाकातून आलं की महादेवाला चालतं."

 आबाराव हसले, आणि हसता हसताच थांबले. "लई बोलता तुमी, बाई. आचार्यांची सही न्हाय झाली तर माझ्या हातात काय न्हाय. यवडं ध्यानात ठेवा."

"घरी करून या की मग पहाटे," असेही त्यांनी दारापर्यंत जाणाऱ्या बाईंना सुचवले.

"घरी नाक माझं आहे, साहेब. शिबिर तुमचं आहे. इथं जे सगळ्यांना, तेच मला."

समारोपाला सभागृह भरले. जिल्ह्याचे अधिकारी, संचालक, पालक, मुले. व्यासपीठावर शिक्षक पद्मासनात, बाजूच्या टेबलावर झारी, मिठाचे भांडे, आधणाचे पातेले आणि खाली ते घमेले. आचार्य 'प्राण' या शब्दाची व्युत्पत्ती सांगत होते, आणि चुकीची सांगत होते. भिमाबाई उठल्या आणि टेबलापाशी गेल्या.

"शरणम्मा, पाणी घाला."

शरणम्मांनी आचार्यांकडे पाहिले, चेअरमनकडे पाहिले. मग झारी भरून तिच्यात बोट बुडवले. "थांबा वो बाई, लई कढत हाय. नाक भाजंल," असे म्हणत त्यांनी थोडे गार पाणी मिसळले.

आचार्य बोलायचे थांबले. एवढ्या लोकांसमोर झारी हातातून काढून घ्यायची, तर का घेतली ते सांगावे लागले असते, आणि ते ज्या भाषेत सांगावे लागले असते ती भाषा कायद्याने बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. ते नुसते उभे राहिले.

भिमाबाईंनी मान कलती केली, तोटी उजव्या नाकपुडीला लावली. पाणी आत जाईना, बाहेर येईना. सभागृह श्वास रोखून बघत राहिले. कुंभक एवढा सामुदायिक त्या शिबिरात पूर्वी कधी साधला नव्हता. मग डावीकडून एक थेंब सुटला, त्याच्यामागून काळपट धार, आणि मग स्वच्छ पाणी. त्यांनी दुसरी बाजू केली. पदराने तोंड पुसले. झारी स्वतःच उकळत्या पाण्यातून काढली, निववली, भरली, आणि ओळीपाशी येऊन पुढे धरली.

"शांतलिंग सर, घ्या. तुमची पाळी."

शांतलिंग सरांनी झारीकडे पाहिले, संचालकांच्या ओळीकडे पाहिले.

"दको बाई," ते म्हणाले. "बाझं दाक बोकळंच हाय."

पोरे खदखदून हसली. झारी पुढे गेली. गणिताच्या सरांचे नाक मोकळे होते. हिंदीच्या बाईंचे मोकळे होते. ज्यांचे तोंड उघडे ठेवल्याशिवाय क्षणभर भागत नव्हते, त्या मुख्याध्यापकांचेही मोकळे होते. न वापरता केवळ पुढे धरल्याने झारीने एका ओळीतली सगळी नाके बरी केल्याचे दुसरे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात सापडणार नाही. भिमाबाईंनी झारी टेबलावर ठेवली आणि आपल्या जागी येऊन बसल्या.

आचार्यांना पुढे जाणे भाग होते. "अनुलोम-विलोम," ते म्हणाले. "उजवी बंद. पूरक."

ओळीतून शिट्टी वाजली, घरघर झाली, कोणाला तरी ठसका लागला. हिंदीच्या बाईंनी तोंड उघडून मोठ्याने हवा ओढली आणि ती चूक लपवण्यासाठी डोळे मिटून घेतले. मुले मोजून दाद देऊ लागली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला. फक्त एका जागेवरून आवाज येत नव्हता. तिथे भिमाबाई ताठ बसून डावीने श्वास घेत होत्या आणि उजवीने सोडत होत्या.

आबाराव उठून व्यासपीठाच्या कडेला आले. दबक्या आवाजात म्हणाले, "बास झालं. बाई, खाली या."

"आवर्तनं व्हायची आहेत, साहेब."

"कायम व्हायचं राहिलं म्हणून समजा."

"समजले."

त्यांनी अंगठा नाकावरून काढला नाही. एकेक करून बाकीच्यांचे हात खाली आले होते. आचार्यांचाही आवाज बंद झाला होता. सभागृहात आता बाहेरच्या खडीवर पडणाऱ्या हातोड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हते.

"तुम्ही थांबलात, आचार्य," भिमाबाई म्हणाल्या. "पुढचं सांगा."

आचार्यांनी त्यांच्याकडे पाहिले. वर्षानुवर्षांची सवय जिभेला असते, मनाला विचारून ती बोलत नाही. त्यांच्या तोंडून "पूरक" निघून गेले, आणि त्या सभागृहात ज्या एका नाकाला ते करता येत होते, त्याने ते केले.