चार तास पुसलेला चष्मा

घरात तिला सगळे घुमी म्हणत, आणि तिनंही ते नाव मुकाट्यानं अंगवळणी पाडून घेतलं होतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, हे तिचं काम. तिथे फारसं बोलावं लागत नसे. त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासूनच." घुमीला हायसं वाटलं. थोरल्या बहिणीनं मात्र उडवून लावलं. "काहीतरीच! चांगली नोकरी करतेस की."

बोलून पटवणं घुमीला कधी जमलं नव्हतं. ती वाचनालयातल्या लेखनवर्गाला जाऊ लागली. पहिल्या गोष्टीत तिची नायिका वडील गेल्यावर धाय मोकलून रडली. शिकवणाऱ्या बाईंनी कागद परत केला. "हे रडणं उसनं वाटतंय. तुमची नायिका अशा वेळी खरंच काय करेल?"

घुमीनं आठवडाभर लिहिलं. घर माणसांनी भरलेलं. जो येतो तो मिठी मारतोय, आणि प्रत्येक मिठी अंगावर भिंत कोसळावी तशी. ट्यूबलाइटची घरघर कानात घुसतेय. नायिका आतल्या खोलीत जाते, वडिलांचा उजवी दांडी मोडलेला चष्मा उचलते आणि चार तास पुसत बसते. वडिलांना काचेवर बोट उमटलेलं खपत नसे, आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं आता एवढंच उरलेलं असतं.

ताईनं ती गोष्ट ओट्याशी उभ्याउभ्याच वाचली.

"बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मनात धरून बसले मी," ती अखेर म्हणाली. "आम्ही रडतोय आणि ही बया चष्मा पुसतेय! वाटलं, काळीज दगडाचं आहे हिचं. तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा शब्द सुचले नाहीत. आत्ता सुचले."

ताई पुढे आली आणि थबकली. "जवळ घेऊ का गं?"

घुमीनं विचार केला. "नको. शेजारी बस."

ताई बसली. जरा वेळानं नाक पुसत म्हणाली, "पण एक चुकलंय. चष्म्याची डावी दांडी मोडली होती. तू उजवी लिहिलीस."

"घालणाऱ्याची डावी. बघणाऱ्याची उजवी."

"बाई गं, तुझ्याशी कोण वाद घालणार!" ताईला हसू फुटलं.

पुढच्या शनिवारी घुमीनं वर्गात गोष्ट वाचली, तीही उभ्यानं, खिडकीकडे तोंड करून. समोर चेहरे असले की तिची वाचाच बसे. वाचून झाल्यावर एका निवृत्त पोस्टमनकाकांनी विचारलं, "अशी बाई असते का हो खरंच?"

"असते," घुमी म्हणाली. "मी आहे."

काकांनी मान डोलावली आणि आपली खुर्ची तिला बसायला पुढे सरकवली.