चाकामागचं पोतं

"हे पुन्हा चीं चीं करून राहिलं ना, सुखदेवभाऊ!"

मंगेश सरांनी बॅटरीची मोटरसायकल दुकानासमोर उभी केली. ते सौंसरहून रोज रामाकोन्याच्या शाळेत जात. गाडीचा आवाज असा, की पोरं लांबूनच ओळखून शहाण्यासारखी वर्गात बसत. गेल्याच आठवड्यात सुखदेवने तिचं मागचं चाक सरळ करून चेनच्या जागी असलेला बेल्ट ताणून दिला होता.

सुखदेवने बेल्टवरून बोट फिरवलं. एक कड घासून गुळगुळीत झाली होती. चाक वाकडं बसलं की बेल्ट एका अंगाला सरकतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. चेन असो की बेल्ट, तो चाकामागे पोत्यावर उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "डावीकडे केसभर." साऱ्या गावाचा त्या डोळ्यावर भरवसा होता.

"बेल्टच खराब निघाला, सर," तो म्हणाला. "नागपूरहून नवा आनावा लागन."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

"तुमी म्हनता म्हंजे तसंच असन," सर म्हणाले. "आज सुट्टी टाकतो अन् जातो."

शेजारच्या टपरीतलं शिवणयंत्र थांबलं. तिथे त्याची बायको छाया साड्यांना फॉल लावायची. डॉक्टरने सुखदेवला काचबिंदू सांगितला तेव्हा तीच सोबत होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टर म्हणाला होता. हे गावात कळू द्यायचं नाही, अशी सुखदेवने तिला शपथ घातली होती. डोळा गेलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणणार?

सर शाळेत फोन लावू लागले. सुखदेवला स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढा शिकलासवरला माणूस एका शब्दावर नागपूरला निघाला होता, आणि तो शब्द खोटा होता.

"थांबा, सर. बेल्ट चांगला आहे. माहाच डोया गेला. चाक मीच वाकडं बसवलं."

सरांनी कानाचा फोन खाली घेतला. पानठेल्यावरचे दोघेजण वळून पाहू लागले. संपलं आपलं दुकान, असं सुखदेवला वाटलं.

तेवढ्यात छाया पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आली.

"सरका जरा. मले दोरा दिसते. कुठं धरू, ते सांगा."

त्याने सांगितलं तसा तिने मागच्या चाकाला टेकवून दोरा पुढच्या चाकापर्यंत ताणला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. सरांनी गाडी सरळ धरली.

"इकडली फट जास्त आहे."

"किती?"

"फॉलच्या टाक्याएवढी."

सुखदेवने बोल्ट जरासा फिरवला. "आता?"

"अजून थोडंसं. हां, झाली सारखी."

मग त्याने नट आवळला आणि अंगठ्याने बेल्ट दाबून ताण पाहिला. त्याला डोळे लागत नव्हते. चाक हाताने फिरवलं. ते गुपचूप फिरत राहिलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सरांनी गाडी वळवली. "उद्या आमच्या हेडमास्तरची गाडी घेऊन येतो. वहिनी राहतीन ना दुकानात?"

"हाव," सुखदेव छायाकडे पाहून म्हणाला. "राहीन ते."

सर गेले. दुकानाच्या फाटकाजवळ एक चेनची गाडी कधीची थांबली होती. सुखदेवने ती आत घेतली, पोतं उचलून झटकलं. छायाचे गुडघे दुखतात म्हणून त्याची दुहेरी घडी केली आणि चाकामागे अंथरली.

"बस," तो म्हणाला, आणि पाना घेऊन स्वतः बाजूला मातीत बसला.