अस्वलमुक्त दीपांबानगर

माणूस आणि अस्वल यांच्यात सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेलं वैर तंजावूरच्या दीपांबानगरात येत्या शुक्रवारी, सकाळी ठीक अकरा वाजता, कायमचं संपुष्टात येणार होतं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. तेव्हा अस्वलांना आणखी एक तास मिळाला आणि समारंभ बारावर गेला.

दुसरीही एक लहानशी अडचण होती, पण तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं. तंजावूरात अस्वल नाही. भातशेती आहे, कालवे आहेत, नारळ आहेत, डास तर सरकारी आकड्यांच्या बाहेर आहेत. पण अस्वल पाहायचं तर दोन बस बदलून डोंगर चढावा लागतो, आणि तिथंही ते घरी असेलच असं नाही.

ही अडचण एकट्या अप्पाजींना छळत होती. अप्पाजी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी पुष्कळ निरर्थक कागद पाहिले होते, काही स्वतःच्या हातानं लिहिलेही होते. पण त्यांतल्या एकाही कागदानं त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं. दीपांबानगर रहिवासी संघाच्या ठरावानं ते करून दाखवलं.

ठराव आणला प्रवीणकुमार यांनी. प्रवीणकुमार म्हणजे संघाचे चिटणीस. डोंगरावरच्या कोटगिरीला चहाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी ते इथं राहायला आले. तिकडे अस्वलं खरोखरीची. घरात शिरतात, देवळातलं तेल पितात, कचऱ्याचे डबे उलथतात. मे महिन्यात एका सकाळी दीपांबानगराच्या मागच्या भिंतीपाशी डबा उलथलेला आणि जमीन उकरलेली दिसली, आणि प्रवीणकुमारांचा चेहरा पांढरा पडला. बाकी सगळ्यांचं मत डुक्कर असं होतं. पण डुकराबद्दल कोणाचाच अभ्यास नव्हता, आणि अस्वलाबद्दल प्रवीणकुमारांचा होता. त्यामुळे ते अस्वल ठरलं.

रविवारी सभा झाली. अध्यक्ष सेतुराम हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अकरा नियम खणखणीत तमिळमध्ये वाचले, मग ज्यांना कळले होते त्यांच्यासाठी इंग्रजीत वाचले. कचऱ्याचे डबे कडी लावून बंद ठेवावेत. झाडाखाली पडलेलं फळ त्याच दिवशी उचलावं. नियम चौथा : शिजवलेलं कोणतंही अन्न उघड्यावर, अंगणात, गच्चीत अथवा कुंपणाच्या भिंतीवर ठेवू नये. मोडणाऱ्याचं नाव संध्याकाळी माइकवरून वाचण्यात येईल.

"अनुमोदन कोणाचं?" सेतुरामांनी विचारलं.

एकतीस घरांतून आलेले लोक एकमेकांकडे पाहत राहिले. आत कॉफी उकळत होती. तिचा वास येत होता. सभा संपल्याशिवाय कॉफी बाहेर येणार नव्हती. आणि आजवर कुठल्याही सभेत तोंड न उघडलेल्या अप्पाजींनी हात वर केला.

आता इतिवृत्तात कायमचं लिहिलं गेलं होतं : अनुमोदक, श्री. अप्पाजी. कॉफीही पाणचट होती.

चौथ्या नियमाचा अर्थ अप्पाजींना दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला कळला. त्यांची थोरली बहीण सुंदरी, वय चौऱ्याहत्तर, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी. रोज स्वयंपाक झाला की ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचा एक मुटका घेई, वर तूप-वरण घाली, कुंपणाच्या भिंतीवर ठेवी आणि "का, का" अशी हाक मारी. कावळा येई, खाई. कावळा म्हणजे घरातले गेलेले लोक. ते जेवल्याशिवाय असलेल्यांनी जेवायचं नाही. तंजावूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं बरंच काही विसरली होती. दीपांबानगरात मराठी वाचता येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून बोटं उरली असती. पण कावळ्याला भात घालायचं कोणी विसरलं नव्हतं.

इतरांनी वाट काढली. कोणी म्हणे मनात घातला, कोणी म्हणे पितरांना परिस्थिती समजते. सुंदरीची वाट वेगळी.

"नियम आहे ना? मग भिंतीवर ठेवायचं नाही," ती म्हणाली. "माझं नाव माइकवर नको."

"बरोबर. मग जेवून घे, अक्का."

"कावळ्याच्या आधी?"

"मग काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

आणि ती बसली. भाऊ-बहिणीत बराच खल झाल्यावर तिनं एवढी सवलत दिली की संध्याकाळी सहाला कावळे झाडावर गेले की पितरांचा दिवस संपतो. त्यानंतर जेवायला हरकत नाही. मधुमेहाची गोळी मात्र दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायची होती. जेवण नाही म्हणून गोळी नाही, गोळी नाही म्हणून डोकं गरगरतं, आणि डोकं गरगरतं म्हणून "अप्पाजी, जरा पाणी दे रे." चौथ्या दिवशी ती चुलीपाशी उभी असताना भिंतीला धरून हळूच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर एक दिवस बसतील त्या उठणार नाहीत.

थोरली बहीण उपाशी बसलेली असताना अप्पाजी काय जेवणार? आठव्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्या दोन वडे खाल्ले. घरी आले तर सुंदरीनं नुसतं पाहिलं.

"कांदा होता का रे त्यात?"

"कशात?"

"असू दे. तू खा. तुला अजून पितर व्हायचंय, वेळ आहे."

त्यानंतर अप्पाजींना वडा गोड लागला नाही.

ते प्रवीणकुमारांकडे गेले. प्रवीणकुमारांच्या व्हरांड्यात नव्या डब्याच्या कडीचा नमुना ठेवलेला होता. ती कडी उघडायला अंगठा, तर्जनी आणि बराच संताप लागे.

"सार," अप्पाजी म्हणाले, "एक मुटका भात. एवढासा. कावळा दोन मिनिटांत संपवतो."

"आणि दोन मिनिटांत अस्वल आलं तर?"

"कुठून येईल?"

"कोटगिरीला माझी बायकोसुद्धा हेच विचारत होती, कुठून येईल." प्रवीणकुमारांचा आवाज एकदम खाली आला. "सकाळचे सात वाजले होते, सार. मी न्हाणीघरातून बाहेर आलो, तर ते स्वयंपाकघरात बसलं होतं. गुळाचा डबा मांडीत घेऊन. माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गूळ खायला लागलं. मी अडीच तास न्हाणीघरात उभा होतो. टॉवेलवर. बायको त्या दिवसापासून माहेरी. म्हणते, तुम्ही मला हाक का नाही मारलीत? मी शेजारीच बेडरूममध्ये होते."

चिडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं असं काही सांगू नये. माणूस लंगडा पडतो.

"तुमच्या अक्कांसाठी मार्ग आहे," प्रवीणकुमार सावरून म्हणाले. "भात ठेवा. पण झाकणाच्या डब्यात. कडी लावून."

"कावळा कडी कशी उघडणार?"

"तो तांत्रिक प्रश्न आहे. सेतुराम सारांना भेटा."

सेतुरामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "अप्पाजी, हरकत कोणाची? तुमची. अनुमोदन कोणाचं? तुमचं. वर्गातल्या मुलाला मी सांगितलं असतं, आधी नीट ठरव, मग हात वर कर."

"सार, मी कॉफीसाठी हात वर केला होता."

"ते इतिवृत्तात नाही."

तरी माणूस मनानं चांगला. त्यांनी उपसमिती नेमली. उपसमितीनं पाच दिवस विचार केला. 'कावळा' या शब्दात डोमकावळा येतो की नाही, यावर दीड दिवस गेला. एका सभासदानं सुचवलं की ज्याला सवलत हवी त्यानं कावळा ओळखून द्यावा. ती सूचना एका मतानं पडली. इकडे सुंदरीचा चेहरा ओढलेला दिसायला लागला, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि अप्पाजी रोज सकाळी उठून आधी तिच्या खोलीच्या दारात उभे राहून श्वास चालू आहे ना एवढं पाहायला लागले.

अखेर गुरुवारी सकाळी कागद हातात पडला. शिक्का होता, सही होती. दुपारी बारा ते बारा-दहा या वेळात, एक मुटका, एका जबाबदार व्यक्तीनं काठी घेऊन शेजारी उभं राहण्याच्या अटीवर परवानगी.

अप्पाजींनी काठी घेतली. सुंदरीनं पान मांडलं, वर तूप-वरण घातलं, पदर खोचला आणि हाक मारली.

"का, का."

भिंत रिकामी. गुलमोहर रिकामा. विजेची तारसुद्धा रिकामी.

"का, का!"

बारा-तीन झाले. बारा-सात झाले. अप्पाजींनीही हाक मारून पाहिली, पण त्यांच्या आवाजानं समोरच्या घरातला कुत्रा तेवढा भुंकला. बारा-दहाला त्यांनी नियमाप्रमाणे पान उचललं.

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवडे एकाही भिंतीवर भात नाही. एकतीस डब्यांना एकतीस कड्या. कावळ्यांनी इथं बसून करायचं काय? अप्पाजींनी मोपेड काढली आणि कालव्यापलीकडच्या लग्नमंडपाच्या मागं जाऊन पाहिलं. उष्ट्या पानांच्या ढिगावर दीपांबानगरातले सगळेच्या सगळे पितर जमले होते आणि पायसम खात होते. एकानंही मान वर केली नाही.

"अक्का, आपणच तिकडे जाऊ," घरी येऊन ते म्हणाले. "मोपेडवर दहा मिनिटं. पान तिथंच ठेवू."

"त्या मंडपाशी आपला काय संबंध? तिथं घातलं तर तिथल्यांचे जेवतील. आपले आपल्या भिंतीवर यायला हवेत."

"आपलेच तिथं जेवतायत गं! मी पाहून आलो!"

"ओळखलेस?"

अप्पाजींनी काठी कोपऱ्यात आपटली. अस्वलावर नाही, प्रवीणकुमारांवर नाही, सेतुरामांवर नाही, बहिणीवर तर नाहीच. नेमकं कोणावर चिडावं हेच कळेना, तेव्हा ते काठीवरच चिडले. त्या संध्याकाळी त्यांनी फुलस्केपच्या चार पानांवर भाषण लिहून काढलं. उद्या 'अस्वलमुक्त दीपांबानगर'चा फलक उघडायला वनखात्याच्या अधिकारीणबाई येणार होत्या, त्यांच्यासमोर सगळं बाहेर काढायचं. डुक्कर, कडी, उपसमिती, कॉफी, सगळं.

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला दीपांबानगरातल्या समारंभाच्या मंडपात वनक्षेत्रपाल जननी बाई आल्या. तिशीतल्या, खाकी वर्दी, थेट बोलणाऱ्या. फलकावरचा पडदा त्यांनी ओढला. आत तीन रंगांत एक अस्वल होतं आणि त्यावर लाल फुली होती. टाळ्या झाल्या.

"खरं सांगायचं तर," जननी बाई म्हणाल्या, "या जिल्ह्यात मी चार वर्षं आहे. माकडांच्या तक्रारी आल्या, मोरांच्या आल्या. अस्वलाची एकही नाही."

अप्पाजी खुर्चीत पुढे सरकले.

"पण तुमच्या कड्या मला फार आवडल्या," त्या पुढे म्हणाल्या. "याआधी डोंगरात होते, तिथल्या वस्त्यांना मी हेच सांगत आले, अन्न उघड्यावर नको म्हणजे जनावर येत नाही आणि बिचारं मारही खात नाही. तिथं कोणी ऐकत नाही. तुम्ही अस्वल नसताना ऐकलंत. डुकरं गेली, उंदीर कमी झाले. येताना पाहिलं, कावळासुद्धा नाही. वा!"

प्रवीणकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळी आणखी मोठी झाली. अप्पाजींच्या शेजारचे तर उभे राहिले.

"आमच्या खात्याकडून कोणाला काही हवं असेल तर सांगा."

प्रवीणकुमारांनी यादी काढली. पिंजरा, मोठा दिवा, फटाके. सेतुरामांनी आभार मानायला घसा खाकरला. आणि त्याआधीच अप्पाजी उठून उभे राहिले. खिशातली चार पानं त्यांनी बाहेर काढली, उलगडली, घडी नीट केली.

मंडपाच्या कनातीच्या फटीतून त्यांना आपलं कुंपण दिसत होतं. सुंदरी भिंतीपाशी उभी होती. एका हातात पान, दुसऱ्या हातात गोळीचं पाकीट, खांदा भिंतीला टेकलेला. आभाळाकडे पाहत होती. बारा-सहा झाले होते.

अप्पाजींनी पानं परत खिशात घातली.

"मॅडम," ते म्हणाले, "खात्याकडे एखादा कावळा असेल का? एकच पुरे. चार मिनिटांचं काम आहे, भात आमचा."