उपरण्याखालचा भाव

आमच्या उकंडरावांना एकच ध्यास: आठवडी बाजार गावात आणायचा. डोक्यावर पाट्या घेऊन बायांची कळमनुरीच्या बाजारापर्यंत तंगडतोड व्हायची, त्यात खुद्द त्यांच्या मंजुळाबाईही. बायकोचे हाल बघून उकंडरावांचा जीव तुटायचा. पण बोलायला तोंड उघडलं की इतिहासच बाहेर पडायचा! दोन हजार वर्षांमागं म्हणे पैठणहून निघालेले बैलांचे तांडे आमच्याच गावाशेजारच्या पांढऱ्या टेकाडावर उतरायचे, इथं मोठी पेठ होती.

एकेचाळीस साली तहसीलदारसाहेब बाजाराची जागा बघायला आले. "कुणी मधी कडमडायचं न्हाई!" असा गावाला दम भरून उकंडरावांनी साहेबांना टेकाडावर घोंगडीवर बसवलं आणि बायकोला हाक दिली, "अगं, इथं सापडलेली ती शिशाची नाणी आण."

"ती व्हय? भोयाला दिली की मागंच. जाळ्याला वजन पायजे होतं त्याला."

घ्या! पुरावा तिकडं कयाधू नदीत मासे धरून राहिला होता. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सबूत नाही, तर मला तकलीफ काहून दिली?"

पण उकंडरावांची जीभ थांबेल तर शपथ. मलमल झाली, मिरे झाले, समुद्रापारची जहाजं सुरू झाली.

तेवढ्यात दगडोबा धनगर मेंढा घेऊन हळूच शेजारी टेकला. त्या मेंढ्यावर उकंडरावांचा वर्षभर डोळा होता. तोंडानं जहाजं चालूच, पण हात गुपचूप उपरण्याखाली दगडोबाच्या हातात गेला. बोटं दाबून भाव ठरवायचा, चारचौघांना कळू द्यायचा नाही, ही इथली रीतच.

"उपरण्याखाली काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

उकंडराव पार ओशाळले. "सवय हाय, साहेब. बाप असाच भाव करायचा, आजाबी असाच. त्याच्या आधीचं कुणाला ठावं?"

साहेब खदखदून हसले. "मग नाणी कशाला पाहिजेत? हाच जुन्या पेठेचा सबूत! सरका जरा." आणि त्यांनी स्वतःचा हात उपरण्याखाली घातला. दगडोबाचा चेहरा असा खुलला, की बघता बघता मेंढा साहेबांच्या गाडीला बांधला गेला.

"बुधवारपासून बाजार भरवा," जाताना साहेब म्हणाले.

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "अवो, सुटली की माझी कळमनुरी!"

"पण मेंढा गेला गं माझा," उकंडराव म्हणाले, आणि सगळ्या गावादेखत तेही रडू लागले.