मध्येच थांबलेलं गाणं

मी एक माईक बोलतोय. बोलतोय कसला, आयुष्यभर दुसऱ्यांचं ओरडणंच पोचवत आलोय. आज माझं स्वतःचं थोडं ऐका.

जन्मलो कारखान्यात, पण वाढलो वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या तळघरात. आधी माझ्यातून पाद्रीबुवा प्रवचन करायचे. माणूस इतका सौम्य, की मलाच पेंग यायची! मग त्यांनी शनिवारची दुपार हार्डकोर, म्हणजे पंक रॉकचाच जास्त कडक प्रकार, वाजवणाऱ्या पोरांना दिली. अट एकच, दारूचा थेंब आत यायचा नाही. इतरत्र दारूच्या गुत्त्यांवर अल्पवयीन पोरांना दारू मिळू नये म्हणून त्यांच्या हातावर काळी फुली मारत. या पोरांनी ती आपणहून हातावर रेखली आणि वर मिरवली.

गॅरेट गायचा, डेस्मंड ड्रम बडवायचा. पंकची गाणी मुळातच वेगवान, पण यांना तीही रेंगाळल्यासारखी वाटत. पिळून, आवळून मिनिटभरात उरकायची. गॅरेट अर्धं कडवं म्हणायचा आणि मला गर्दीत ढकलायचा. उरलेलं गर्दीनं म्हणायचं, असा तिथला रिवाज. सगळ्यांत आधी माझ्यापर्यंत पोचायची लोर्ना. खरं सांगतो, गॅरेटपेक्षा मला तिचा आवाज आवडायचा.

नाच म्हणजे नुसती धक्काबुक्की. पण कुणी पडलं, की शेजारच्यांनी लगेच उचलायचं.

मग बोलबाला झाला आणि लांबलांबून दांडगी पोरं येऊ लागली. गाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ठोसे मारायला आयती जागा मिळाली होती, एवढंच. एकेक करून मुली मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या, मित्रांची जाकिटं सांभाळत. लोर्ना तेवढी हटली नाही.

एका शनिवारी तीही पडली. कुणाचा तरी बूट तिच्या उजव्या खांद्यावर आला. तिची किंकाळी माझ्यापर्यंत पोचली, पण गॅरेटचे डोळे मिटलेले होते. गाणं पुरं झालं आणि मगच सगळ्यांना कळलं, की तिचं हाड मोडलंय.

तिला दवाखान्यात पोचवून डेस्मंड परतला, तसा गॅरेट त्याच्यावर खेकसला, "तू उंचावर बसतोस. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग थांबला का नाहीस, गाढवा?"

"अरे, गाणं संपतच आलं होतं!"

डेस्मंड वाईट नव्हता हो. पण गाणं मध्येच तोडायचं नाही, हे त्यांनी व्रतासारखं पाळलं होतं. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

पुढचे कित्येक शनिवार लोर्ना आलीच नाही. गॅरेट संथ, दुखरी गाणी लिहू लागला. आपल्याला भीती वाटते, झोप येत नाही, असली. डेस्मंडला हेवी मेटलसारखे जडशीळ ठोके हवे होते.

"काय रे ही रडगाणी? रुमाल वाटू का लोकांना?"

"आणि तुझं ते काय? लोहाराचं दुकान?"

तालमी अशाच संपायच्या.

अखेर एका दुपारी लोर्ना आली. पण पुढे नाही, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. गॅरेटनं तिला पाहिलं. माझ्याभोवतीची त्याची मूठ घट्ट झाली.

जुनं, जलद गाणं सुरू झालं. वेंडेल नावाच्या एका धिप्पाड गड्यानं कोपर मारलं आणि एक हडकुळा मुलगा कोसळला. गॅरेट गायचा थांबला. गिटार थांबली. डेस्मंडनं चार ठोके जास्तच मारले, मग तोही थांबला. मी चालूच होतो, त्यामुळे गॅरेटचा श्वास अख्ख्या तळघरात ऐकू येत होता.

"त्याला उचल," गॅरेट म्हणाला.

"तू गाणं म्हण रे, शेंबड्या!"

"आधी उचल."

वेंडेल पुढे येऊन थुंकला. थुंकी माझ्या जाळीवर पडली. गॅरेट जागचा हलला नाही. आता याचा जबडा फुटणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागे जाकिटं धपाधप जमिनीवर पडली. लोर्ना गर्दीतून वाट काढत आली, तिच्यामागे बाकीच्या मुली. त्यांनी पडलेल्या मुलाभोवती कडं केलं. लोर्नानं त्याला डाव्या हातानं उठवलं. उजवा अजून नीट चालत नव्हता. वेंडेलनं आपल्या दोस्तांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. शिव्या हासडत तो जिना चढून गेला.

"गाणं तोडणाऱ्याबरोबर मी वाजवत नाही," डेस्मंड म्हणाला आणि काठ्या ठेवून निघून गेला.

गॅरेटनं मला लोर्नापुढे धरलं. राहिलेलं कडवं तिनं ड्रमशिवाय म्हटलं. सुरुवातीला आवाज चिरकला. पण ती पुढे उभी होती.

डेस्मंड मेटलच्या वाटेनं गेला, गॅरेट मन मोकळं करणाऱ्या गाण्यांकडे. दोन्हींना वेगवेगळी नावं पडली आणि खरं हार्डकोर कुणाचं यावर लोक भांडू लागले. भावकी वाढली, की भांडणं आलीच! मी लोर्नाकडे राहिलो. तिनं बँड काढला, तो या दोघांच्याही वरताण वेगवान.

आता माझा आवाज गेलाय. जाळी चेपलीय, आतली तार तुटलीय. फार काही मागत नाही. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर खुशाल ओरडा. फक्त पुढे कोण उभं आहे ते बघा. आणि कालपर्यंत तिथे कोण होतं, तेही आठवा.