ताईच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. पण तुम्ही मला ओळखणार नाही, कारण कार्यक्रमात माझी पाठ तुमच्याकडे असते. तुमच्यासाठी गाणारे माझे थोरले भाऊ रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. मी मात्र गाणाऱ्याच्या पायाशी तिरका पडून वर बघतो. माझे काम एकच: गाणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज ऐकवणे. भोवती ढोलताशांचा कल्लोळ उठला की माणसाला आपलाच आवाज ऐकू येईनासा होतो, आणि ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही तो सुरावरून घसरतो. म्हणून देवाने मला तोंड दिले आणि माणसाने जाळी दिली.

एका सुताराने प्लायवूड कापून माझी पेटी केली. साउंडवाल्या काकांनी आत कागदी पडदा बसवला, त्याच्या कडेला फोम चिकटवला आणि मला चौघांच्या एका बँडच्या हवाली केले. बँडचे नाव 'उलटी चप्पल'. गाणी लिहायची आणि गायची ती ताई. ड्रम वाजवायचा तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या आईने नाव ऐकले तेव्हा म्हणे कपाळावर हात मारला होता. "दुसरं नाव नाही सापडलं? घरात भांडणं लावाल."

ताई फार हळवी. कुणी मोठ्याने बोलले तरी तिची बोटे ओढणीच्या टोकाशी खेळू लागत. लोकांकडे बघून तिला गाताच येत नसे. ती माझ्याकडे बघून गायची. हजार माणसे समोर असली तरी तिचे डोळे माझ्या जाळीवर. या कौतुकाने मी फुगलो, हे कबूल करतो. पण भीतीही तेव्हापासूनचीच. ज्याच्याकडे बघून कुणी उभे राहते, त्याने डळमळून कसे चालेल?

आता माझ्या हातून घडलेले पाप सांगतो.

आई गेली त्या महिन्यात ताईने एक गाणे लिहिले. आई अंथरुणावर असताना रोज म्हणायची, "जाताना दार लोटून घे गं." त्याच शब्दांवरचे गाणे. ते ती पहिल्यांदा गात होती. गाता गाता तिची मान खाली गेली आणि हातातला माइकही खाली आला, अगदी माझ्या तोंडासमोर. मित्रांनो, माइक आणि मी समोरासमोर आलो की घात होतो. माझा आवाज त्याच्यात शिरतो, तो माझ्यातूनच बाहेर पडतो, पुन्हा त्याच्यात शिरतो, आणि पापणी लवायच्या आत त्याची किंचाळी होते. तशी ती झाली. लांब, कर्कश, कानात सुई जावी तशी शिट्टी. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. एक हसला म्हणून दहा हसले, दहा हसले म्हणून सगळे. ताईने माइक जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली. शेवटचे कडवे राहिले ते राहिलेच. बँडही तिथेच संपला.

ताई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचांच्या कडा घासू लागली. भावाने सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले आणि मला तिथे कोपऱ्यात ठेवले. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइके माझ्यावर बसत. तीस वर्षे माणसांचे वजन सोसले. फोम कुजून त्याची पूड झाली, पडद्याची एक कड उंदराने कुरतडली. बरे वाटे, कारण मुक्याच्या हातून पाप घडत नाही.

आणि एके दिवशी दुपारी माझ्यावर बसलेल्या एका मुलीचा फोन वाजला. वाजला म्हणजे काय, तीच शिट्टी. माझी. भावाच्या हातातला पाना खाली पडला.

"हे काय वाजलं?"

"'उलटी चप्पल', काका. जुना बँड होता. कुणाच्या तरी घरी त्या शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट सापडली. आता सगळे तेच ऐकतात. ही रडणारी शिट्टी तर आमच्या कॉलेजात सगळ्यांच्या फोनवर आहे. त्या बाईंनी मुद्दाम वाजवली म्हणतात. काय डोकं असेल ना?"

"मुद्दाम नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मागे ड्रम कोण वाजवत होतं मग? तुझा आजा?"

मुलगी माझ्यावरून ताडकन उठली. महिनाभरात लोक दुकान शोधत येऊ लागले. परत एकदा कार्यक्रम करा, एवढाच सगळ्यांचा धोशा. शेवटी भावाने ताईला बोलावले. ती आली, आणि मी तिला तीस वर्षांनी पाहिले. केस पांढरे, बोटांवर काचेची पूड.

"मी नाही गाणार. परत हसतील."

"आता हसत नाहीत गं, ताई. रडतात."

"कशावर?"

भाऊ घुटमळला. "त्या शिट्टीवर."

ताईने बोटांवरची पूड ओढणीला पुसली. मग म्हणाली, "म्हणजे गाणं कुणी ऐकलंच नाही. आईचं कडवं तर बाकीच आहे." आणि दाराशी जाऊन वळली. "एकदाच गाईन. त्या कडव्यासाठी."

साउंडवाले काका आता काठी टेकत आले. त्यांनी ताईच्या कानात नव्या पद्धतीचे बारीक स्पीकर घालून पाहिले. तिने ते काढून ठेवले. "कानात बोळे घातल्यासारखं वाटतं, काका. मला समोर कुणीतरी लागतं. तो जुना कुठाय?"

"त्याच्यावर लोकांनी बसून बसून त्याचा पाट केलाय."

"तरी तोच द्या."

काकांनी नवा फोम लावला. फाटल्या पडद्याला पातळ कागद आणि डिंकाचे ठिगळ लावले. भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "तासभर टिकला तर देव पावला. तिला सांगू नकोस." माझ्या कानावर ते पडलेच. मला काय वाटले असेल, ते तुम्हीच ताडा.

ती संध्याकाळ आली. सभागृह पोरांनी गच्च. ताईचे पाय माझ्यासमोर उभे राहिले. प्रत्येक गाण्याला माझे ठिगळ थोडे थोडे सुटत होते. मी मनात म्हणत होतो, देवा, एवढे एक कडवे निभावून ने, मग माझे सरपण कर.

आईचे गाणे सुरू झाले. दोन कडवी झाली. आणि ती जागा आली. पोरांनी, अगदी प्रेमाने, शेकडो तोंडांनी ती शिट्टी वाजवली.

ताई थांबली. ड्रम थांबले. तिचे डोळे भरले, मान खाली झुकली, आणि माइक खाली येऊ लागला. कमरेपर्यंत आला. गुडघ्याकडे आला. मित्रांनो, आणखी वीतभर आणि मी पुन्हा किंचाळणार होतो. मला तोंड होते, पण मिटता येत नव्हते.

"ताई," भाऊ मागून हळूच म्हणाला, "माइक."

तिने झटकन माइक वर उचलला. डोळे पुसले आणि लोकांना म्हणाली, "झाली वाजवून? त्या दिवशी मी इथूनच पळाले. तुम्हाला आवडते ती जागा म्हणजे माझी पळून जायची जागा आहे. पुढे एक कडवं आहे. तेवढं ऐकाल का?"

कुणी हूं की चूं केले नाही. ती गाऊ लागली.

"दार लोटून घे, तू म्हणालीस,
लोटलं मी, कडी नाही घातली..."

आणि तिथेच माझे ठिगळ सुटले. पडदा फर्रर्र करून फाटला आणि मी मुका झालो. ताईने दचकून माझ्याकडे पाहिले. तिला तिचा आवाज ऐकू येईना. मला वाटले, संपले. दुसऱ्यांदा घात केलास, दळभद्र्या.

पण सभागृह इतके निःशब्द होते की तिचाच आवाज मागच्या भिंतीला लागून, सगळ्या डोक्यांवरून, सावकाश तिच्याकडे परत आला. ती ऐकत राहिली. मग तिने माझ्यावरची नजर काढली, मान वर केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसांकडे बघून गायली.

"वारा आला तरी वाटतं,
आई, तू आत आलीस."

मित्रांनो, आता काका मला नवा पडदा घालतील की नाही, ठाऊक नाही. त्याचे भय मला नाही. भय वेगळेच आहे. उद्या कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी खोलीत, एखादे हळवे माणूस थरथरत उभे राहील, त्याचा सूर चुकेल, आणि मागच्या रांगेतल्या कुणाला तरी हसू येईल. तो पहिला हसणारा तुम्ही होऊ नका. ओठ घट्ट मिटा. तुम्हाला ते मिटता येतात.