समुद्रातली रोवणी

पळीतलं तीर्थ हिरालालनं तळहातावर घेतलं, डोळे मिटून तोंडात टाकलं आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उमाकडे पाहिलं.

"वहिनी, हे तं खारट आहे."

"समुद्राचं तीर्थ खारटच राहते, भाऊजी," उमा म्हणाली आणि पळी पुढच्या हातावर नेली.

काशी-रामेश्वर करून आलेल्यांनी मावंद्याचं जेवण घालावं, ही जुनीच रीत. आफ्रिकेत सिंह पाहून आलेल्यांनीही ते घालावं, ही मात्र उमाची स्वतःची भर होती. झांझिबारच्या समुद्राचं पाणी तिनं बाटलीत भरून, लुगड्याच्या घडीत गुंडाळून बालाघाटपर्यंत आणलं होतं. आणलेलं पाणी चार लोकांना वाटल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं तिचं म्हणणं, आणि त्यापुढे नवऱ्याची मात्रा चालली नव्हती. गल्लीतली मंडळी पुरणपोळीच्या वासावर भरवसा ठेवून ते पाणी मुकाट्यानं गिळत होती.

तिचा नवरा नंदकिशोर ओसरीवर खुर्चीत बसला होता. कान्हाच्या जंगलात, मुक्की फाटकावर उभी हयात जिप्सी चालवलेला माणूस. वाघ दिसला की गाडीतल्या पाहुण्यांना त्याचा एकच हुकूम असे, हलू नका. अशा माणसाच्या डोळ्यांनाच काचबिंदूनं गाठलं. आजूबाजूचं सगळं आधी गेलं. उरलं ते समोरचं, नळीतून पाहावं तेवढं. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा टांझानियात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, देवेंद्रनं, दोघांची तिकिटंच पाठवली. बाबांनी डोळे आहेत तोवर ते मोठं जंगल बघून घ्यावं, असा त्याचा हट्ट होता.

नुसतं जंगल असतं तर उमाच्या जिवाला घोर नसता. पण निघण्याआधी फोनवर ती बोलून गेली होती, शेवटी थोडे दिवस समुद्रावर राहू. कटंगीकडच्या धानाच्या बांधांवर वाढलेल्या बाईनं समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. मुलानं आईची हौस पुरवली आणि तेवढे दिवस सफारीतून कापले. ते जंगलातून निघाले त्या सकाळी तिथला ड्रायव्हर हळहळला. जनावरांचे कळप नदीकाठी येऊन थांबले होते, आज-उद्या पार होणार होते. देवेंद्रनं ते बाबांना सांगितलं. नंदकिशोर "चाल" एवढंच म्हणाला, पण विमानाच्या पट्टीपर्यंत तो मान वळवून मागे पाहत राहिला. ते उमाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. नवऱ्याची शेवटची नजर आपण खाऱ्या पाण्यात घातली, असं तिला वाटत राहिलं.

आणि तरी झांझिबारचं ते बेट तिच्या मनातून जात नव्हतं. पोळी लाटताना, अंगण झाडताना ते मध्येच समोर येऊन उभं राही. पांढरी रेती, तिच्यावर हलणाऱ्या नारळांच्या सावल्या, लवंगांचा वास. पहिल्या सकाळी ती उठून बाहेर आली तर समुद्र जागेवर नव्हता. रात्री दाराशी घुमणारं पाणी पार लांब निघून गेलं होतं. ती धावत आत गेली, तर नंदकिशोर झोपेतच म्हणाला, जनावर पाण्याले जाते, पाणी कुठी जाईल? येईल वापस. दुपारी खरंच ते परत आलं, चाहूल न देता, पायापर्यंत.

मग पाणी ओसरलं की काय होतं, तेही तिनं पाहिलं. रंगीत कपड्यांतल्या बाया ओल्या तळावर चालत जात आणि कमरेतून वाकून ओळीनं काहीतरी लावत. ती शेवाळाची शेती होती. खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर जुड्या अडकवायच्या. उमाला ती आपल्याकडची, चिखलात रोपं लावायची धानाची रोवणीच वाटली. नंदकिशोर नारळाखाली तोंडावर दुपट्टा घेऊन पडला होता. तिनं पदर खोचला आणि गेली. भाषा कळण्याची गरजच पडली नाही. एका बाईनं तिच्या हातात जुडी दिली, ती वाकली, आणि लग्नाआधीची रोवणीची गाणी तिच्या ओठांवर आपसूक आली. आकाश खालीही होतं आणि वरही. आपण किती वेळ वाकून होतो, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

पंगतीत हिरालालनं विचारलं, सगळ्यात भारी काय पाहिलं? उमाचा वाढता हात थांबला. नंदकिशोरनं सिंह सांगितले, हत्ती सांगितले, झाडावर शेपटी सोडून बसलेला बिबट्या सांगितला. बेटाचं नावही काढलं नाही. ती गुपचूप तूप वाढत पुढे गेली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

दिवेलागणीला मंडळी पांगली. बाटलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते तुळशीत ओतावं तर तुळस जळेल, फेकावं तर तीर्थ. ती बाटली हातात धरून ओसरीच्या पायरीवर उभी राहिली आणि इतके दिवस गिळलेलं एकदाचं बोलली.

"माह्यापायी तुमची नदी हुकली."

नंदकिशोरनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"नदी पाहून मी काय केलं असतं? मैदानभर जनावरं होती, मले एका बारीले एकच दिसे. मुंडकं दिसलं तं पाय नाही. हत्ती तं मी सोंडेवरून ओळखला."

"मंग मांगं वळून वळून काहून पाहत होते?"

"सवय आहे, बापा. जंगलातून निघताना मी सदा मांगं पाहतो. पण त्या समुद्रात तू एकलीच होती. बाकीच्या बाया दूर. पदर खोचून वाकली होती. तू मले पुरी दिसली, उमा."

"तुम्ही तं झोपले होते."

"झोपलो नव्हतो. दुपट्टा सारून पाहून राह्यलो होतो. रोवणीत तू कशी दिसत असशील, मले मालूमच नव्हतं. लगन होऊन आलती तवा रोवणी सोडून आलती, अन मी पहाटीच जंगलात."

"मंग आज लोकांत काहून नाही सांगितलं?"

"ते काय लोकांले सांगाची गोष्ट आहे?"

उमाला हुंदका आला, तो तिनं पदरात दाबला. नंदकिशोर तिला शोधू लागला. जिप्सीत बसून गवताच्या कडेनं नजर फिरवावी तशी त्यानं मान डावीकडून उजवीकडे, सावकाश फिरवायला सुरुवात केली. खांब झाला, तुळस झाली, पायरी आली.

उमा हलली नाही.